दोनचा भोंगा, तीनची प्रार्थना

सोमवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी फाटकापाशी उभा राहून शेजारच्या साहूजींना सांगत होतो, की एकदा माझ्या तबल्याच्या एका थापेनं उतई गावच्या आमराईतला पाडाचा आंबा देठासकट खाली आला आणि आमराईच्या मालकानं तो धुऊन मलाच आणून दिला. साहूजी हो हो करत होते. फोन पास्कल मास्तरांच्या घरून, तेरेजावहिनींचा होता. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे मास्तर गेले... झोपेतच गेले." मी काहीतरी बोललो असेन, आठवत नाही. फोन ठेवला आणि... खरं सांगतो. मी 'खरं सांगतो' म्हटलं की आमच्या रुआबांध्यातली माणसं चहा अर्धा टाकून उठतात हे मला ठाऊक आहे, पण या वेळी बसा. मला आधी दुःख झालं नाही. मी बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. ख्रिस्ती लोकांचा पवित्र आठवडा सुरू झालेला, म्हणजे येणारा शुक्रवार हा गुड फ्रायडे. आणि मला वाटली ती निव्वळ भीती होती. एवढी भीती मला स्वतःच्या लग्नातही वाटली नव्हती, आणि त्या दिवशी मी मांडवातून दोनदा पळालो होतो.

पास्कल मास्तर शाळेतले मास्तर नव्हते. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये त्यांनी आयुष्यभर क्रेन चालवली, वर पत्र्याच्या केबिनमध्ये बसून, खाली तापलेलं लोखंड आणि आजूबाजूला असा आवाज की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येऊ नये. मास्तर ही पदवी चर्चच्या गायकमंडळीनं दिलेली. मूळचे नागपूरचे, वडील रेल्वेत, पेटी वडिलांकडूनच शिकलेले. मी प्लांटच्या स्टोअरमध्ये कारकून. आमची ओळख गणपतीत झाली. आमच्या भजनी मंडळात मी तबला बडवत होतो आणि मांडवाबाहेर सायकल धरून एक उंच, काळासावळा माणूस तोंड वाकडं करून उभा होता. आरती झाल्यावर तो आत आला, हात जोडले, प्रसाद घेतला आणि मला म्हणाला, "डावा उतरला हाये तुमचा. कावून वाजवून राहिले असा?" भिलाईत येऊन मला बारा वर्षं झाली होती आणि तोवर मला इथं कुणी मराठीत रागावलं नव्हतं. एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी मी प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरमधल्या चर्चमध्ये तबला घेऊन बसलो होतो आणि माझी आई घरी देवापुढे बसून याला कुणी बाटवू नये म्हणून साकडं घालत होती. कुणी बाटवलं नाही. मास्तरांनी मला फक्त डावा चढवायला शिकवलं.

गाणी कशी निवडायची असतात हे मी त्यांच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी पाहिलं. पुढच्या खोलीत समोरासमोर दोन भिंती. एका भिंतीवर चर्चचं कॅलेंडर, कुठल्या रविवारी बायबलमधलं कुठलं वाचन, वेदीवर कुठल्या रंगाचं वस्त्र, हे सगळं त्यात. दुसऱ्या भिंतीवर प्लांटचा शिफ्टचा चार्ट. रिटायर झाल्यावरही दर महिन्याला ते कुणाकडून तरी नवा चार्ट मागवून डकवायचे. आधी ते रविवारचं वाचन दोनदा मोठ्यानं वाचत. मग पेटीपुढे बसून विचार करत, या वाचनानंतर माणसाच्या तोंडून आपोआप काय निघेल? आणि मग मान वळवून दुसऱ्या भिंतीकडे बघत. "जोसेफची नाइट हाये. अल्बर्टचीबी नाइट. रात्रभर कोक ओव्हनचा धूर खाऊन आलेल्या मानसाले वरच्या पट्टीतलं गानं देऊ मी? कसाई हाये का मी?" की ते गाणं बाद. एका वर्षी मोठे पाहुणे येणार म्हणून चर्चच्या मंडळींना दणदणीत प्रवेशगीत हवं होतं. चारही पुरुष गळे नाइटवरून सुटणारे. मास्तरांनी चार ओळींचं, अंगाईसारखं गाणं निवडलं. मंडळी रागावली. पण त्या रविवारी ते गाणं असं झालं की खिडकीतली कबुतरं घुमायची थांबली. दुर्गपर्यंतची थांबली असं मी पुढे सांगत असे, पण आपल्या चर्चमधली तर नक्कीच थांबली.

आता गुड फ्रायडेचं सांगायला हवं, कारण माझी भीती तिथं आहे. आदल्या दिवशीच्या, गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, एकदा घंटा वाजतात आणि मग थेट शनिवारच्या रात्रीपर्यंत चर्च मुकं होतं. घंटा नाही, पेटी नाही, तबला नाही. वेदीवरचं वस्त्रसुद्धा काढून ठेवतात, नुसता उघडा दगड. घंटेच्या जागी लाकडाची एक खटखटी असते, ती वाजली की हाडावर हाड आपटल्यासारखं वाटतं. माझ्यासारख्या माणसाला, ज्याला झोपेतसुद्धा बोलायला लागतं, त्या चर्चमध्ये पहिल्या वर्षी पाऊल टाकताना मागे पळावंसं वाटलं होतं. शुक्रवारी दुपारी तीनला प्रार्थना सुरू होते. पुढे क्रूसाला नमन करायला सगळे लोक रांगेनं जातात आणि ती रांग सरकत असते तोवर गायकमंडळी एक विलापगीत म्हणतात. हिंदी आहे, पाच कडव्यांचं, मास्तरांच्या आधीपासून इथं तोंडातोंडी चालत आलेलं. त्याची खोड अशी की पहिलं कडवं पुरुषांच्या छातीच्या तळाशी आणि तिसरं बायकांच्या टाळूला. सुरुवातीचा सूर अर्धं पेर खाली घेतला तरी पुरुष नुसते गुरगुरतात, अर्धं पेर वर घेतला की तिसऱ्या कडव्यात बायकांचे गळे फाटतात. सुई जाईल एवढीच जागा. आणि सूर द्यायला पेटी नाही.

पण मास्तर दर वर्षी तो बरोबर घ्यायचे. कसा, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसायचं की त्या दिवशी दुपारी मी स्कूटर घेऊन त्यांना आणायला जायचो तेव्हा ते ओट्यावर तयार बसलेले असायचे आणि तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. मागच्या सीटवर बसायचे, खांद्यावर हात ठेवायचे, संपलं. मला वाटायचं उपास असेल, दुखवटा असेल, त्यांच्यात मौनाची पद्धत असेल. विचारायचं डोकं मला नव्हतं. चाळे करायचं होतं.

सात-आठ वर्षांपूर्वी मी मनाशी पैज लावली, की आज म्हाताऱ्याला बोलता करायचा. रुआबांध्यातून निघाल्यापासून मी उतईच्या बकरीची गोष्ट लावली. माझ्या साळ्याची ती बकरी. रोज सकाळी प्लांटला जाणाऱ्या लोकांच्या बसमध्ये चढायची, गेटपाशी उतरायची, साहेबांच्या बगिच्यात दिवसभर चरायची आणि संध्याकाळी त्याच बसनं उतईला परत. तीन महिने. एक दिवस ती बसमध्ये दिसली नाही तर कंडक्टरनं बस थांबवली आणि साळ्याच्या घरी माणूस पाठवून विचारलं, बाई आज रजेवर आहेत का? इथपर्यंत खांद्यावरचा हात हलला नव्हता. मग मी म्हटलं, आणि मास्तर, रिटायर झाली तेव्हा तिला शाल दिली आणि तिनं ती खाल्ली. त्यावर माझ्या पाठीमागून असा एक हसण्याचा फवारा फुटला की स्कूटर डगमगली. मास्तर हसले, खोकले, डोळे पुसले आणि म्हणाले, "खाल्ली बे?" मी जिंकलो होतो. मला इतका आनंद झाला होता... तो आनंद आजही आठवला की अंगावर काटा येतो.

तीन वाजता प्रार्थना सुरू झाली. वाचन झालं. रांग उठली. मास्तरांनी डोळे मिटले आणि सूर दिला. पहिलं कडवं ठीक झालं, उलट पुरुषांचा आवाज नेहमीपेक्षा मोकळा लागला आणि मी, गाढव, मनात म्हटलं वा. दुसऱ्या कडव्यात बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. तिसरं चढलं आणि वरच्या ओळीवर एक गळा फाटला, मग दुसरा, आणि मग सगळेच एकदम थांबले. भरलेलं चर्च. पेटी नाही की झाकून घेईल, तबला नाही की मी काही तरी वाजवीन. माझे हात मांडीवर नुसते पडलेले. फक्त रांगेतल्या लोकांच्या अनवाणी पायांचा फरशीवर आवाज येत होता. किती वेळ गेला? घड्याळानं दहा सेकंद असतील. मी ते दहा सेकंद अजून भोगतोय. मग मास्तर एकटे गायला लागले. फाटक्या आवाजात, तिसरं, चौथं, पाचवं. प्रत्येक वरच्या ओळीला आवाज मोडायचा आणि ते मोडका तसाच पुढे न्यायचे. संपल्यावर फादरांना म्हणाले, गळा बसला होता. माझ्याकडे पाहिलंही नाही.

परतताना त्यांनी मला डबरी तलावाच्या वळणावर स्कूटर थांबवायला लावली आणि सगळं सांगितलं. दोन वाजता प्लांटचा भोंगा होतो, शिफ्ट बदलायचा. त्या भोंग्याच्या पोटात तो सूर असतो, नेमका. तो सूर ते दोन वाजता ओट्यावर बसून धरायचे, पाण्याचा घोट तोंडात धरावा तसा, आणि तीनच्या पुढेपर्यंत सांभाळत न्यायचे. बोलणं नाही, कारण बोललं की घोट सांडतो. "आज सांडला," ते म्हणाले. मी त्यांचे पाय धरले. रस्त्यावर. जाणारा एक ट्रकवाला थांबून बघत होता. मास्तर म्हणाले, "सोड बे. बकरी चांगली होती."

त्यानंतर फादरांनी एकदा सुचवलं, मोबाइलमध्ये सूर देणारं काहीतरी येतं, कानाला लावून घेतलं तर कुणाला कळणारही नाही. मास्तर म्हणाले, त्या दिवशी घंटासुद्धा गप्प बसते आणि मी खिशात पेटी घेऊन जाऊ? मी बाहेर आल्यावर त्यांना टोचलं, की भोंगा म्हणजे काय मग, तोही मशीनच की. त्यांनी पायात चपला सरकवल्या. मग म्हणाले, "तो आपल्यासाठी नाही वाजत, वामन. तो त्याचं काम करून राहिला. आपन फक्त आयकून घेतो."

आणि बकरीच्या त्या दिवसापासूनच मला त्यांनी स्टेपनी केलं. हा त्यांचाच शब्द. "तुह्यामुळं एकदा पंक्चर झालो, आता तूच माही स्टेपनी." म्हणजे काय, तर गुड फ्रायडेला दोन वाजता मीही ओट्यावर हजर राहायचं, मीही भोंगा ऐकायचा, मीही सूर धरायचा आणि मीही तोंड बंद ठेवायचं. त्यांचा घोट वाटेत सांडलाच तर माझा असावा म्हणून. मी विचारलं, माझा बरोबर आहे की नाही हे कसं कळणार? म्हणाले, "ते मी नाही पाहणार. पाहाले गेलो तं दोघायचाबी जाईन." सहा वर्षं मी तो एक तास गप्प बसलो. आमच्या घरी हे कुणी खरं मानत नाही. मला स्वतःलाही त्या तासात कधी कळलं नाही की माझ्या घशात जे आहे ते सूर आहे की नुसती भीती. पण काळजी नव्हती. पुढे चार चाकं होती, मी मागे बांधलेला.

मागच्या दोन वर्षांत मास्तरांचं ऐकणं कमी झालं होतं. क्रेनच्या केबिननं ते हळूहळू खाल्लं होतं. ते कबूल करायचे नाहीत, आम्हीही बोलायचो नाही, मोठ्यानं बोलायला लागलो एवढंच. मागच्या वर्षी भोंगा व्हायच्या आधी पाच मिनिटं आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, मास्तर, मला याची फार भीती वाटते हो, दर वर्षी वाटते. मला वाटलं ते हसतील. ते समोरच्या कडुनिंबाकडे बघत म्हणाले, "तुले काय वाटते, मले भेव नाही लागत? तीस साल झाले. दर साली मले वाटते, यंदा तोंड उघडीन अन् आत काहीच नसन." मग भोंगा झाला. तो संपल्यावर ते उठले, पाण्याची खूण केली, आत गेले आणि मिनिटभरानं बाहेर येऊन पुन्हा शेजारी बसले. हे मी का सांगतोय ते पुढे कळेल. मलाही पुढेच कळलं.

बुधवारी दफन झालं. गुरुवारपासून ते तीन दिवस दफनाची मिस्सा होत नाही म्हणून घाई होती. त्या मिस्सेत मी तबला वाजवला, काय वाजवला देव जाणे. कब्रस्तानातून निघताना अनिता जवळ आली. गायकमंडळीतल्या मिंजबाईंची ही मुलगी शाळेत शिकवते, बायकांच्या बाजूनं गाणं तीच उचलते. तिनं रडून सुजलेल्या डोळ्यांनी विचारलं, "अंकल, परसों सुर कौन देगा? मोबाइल से ले लें?" फादर शेजारी उभे. जोसेफ, अल्बर्ट, सगळे उभे. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. किंवा हो म्हणायला हवं होतं. पण चाळीस वर्षं बढाया मारत आलेली जीभ, ती माझी वाट थोडीच पाहते. मी छातीवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की मोबाइल-बिबाईल काही नाही, मास्तर मला सगळं देऊन गेलेत, सूर मी देतो. अनितानं माझे हात धरले. फादर म्हणाले, ईश्वर का धन्यवाद. आणि मी घरी येऊन दार लावून पलंगावर बसलो. दुलई डोक्यावरून ओढून घेतली, हे मी वाढवून सांगत नाही, आमच्या सौभाग्यवतीनं ते डोळ्यांनी पाहिलंय आणि पंखा बंद केला, तिला वाटलं थंडी वाजतेय. एप्रिल लागला होता.

शुक्रवारी मी दीड वाजताच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. तेरेजावहिनी आत होत्या, दारातून माझ्याकडे बघून मान हलवली. बरोबर पावणेदोनला शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बोअरचं मशीन सुरू झालं. सकाळपासून तो ट्रक तिथं उभा होता आणि मी त्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. ज्यांनी ते मशीन जवळून ऐकलंय त्यांना सांगायला नको. जमीन फोडतं ते, ओटा थरथरत होता, दात थरथरत होते, धुळीचा लोट कडुनिंबाच्या वर गेला. मी पळत गेलो, हात जोडले, ओरडून सांगितलं पाच मिनिटं थांबा. तिथल्या माणसानं कानाकडे बोट दाखवलं, ऐकू येत नाही, आणि हसला. मी घड्याळ पाहिलं. दोनला दोन कमी. परत धावत ओट्यावर आलो, दोन्ही हात कानामागे धरले. दोन वाजले. दोन वाजून गेले. भोंगा झाला असणार. माझ्या छातीत मशीनशिवाय काही नव्हतं.

मी तिथंच खांबाला धरून उभा राहिलो. डोळ्यांपुढं तेच चर्च, तीच रांग, तेच पायांचे आवाज, आणि या वेळी मोडक्या आवाजात पुढे नेणारं कुणी नाही. पळून जावं असं मनात आलं. स्कूटर समोर होती. उतईला साळ्याकडे जाऊन बकऱ्यांत झोपावं. एवढ्यात मशीन थांबलं. पुढची नळी जोडायला थांबवतात, दोन-तीन मिनिटं. त्या शांततेत मागे पावलं वाजली. वहिनी जवळ आल्या, पदर डोक्यावर ओढला, माझ्या कानाशी वाकल्या आणि तोंड मिटून एक 'हूं' दिला. लांब, खालचा, किंचित खरखरीत. श्वास घेतला आणि पुन्हा तोच दिला. मग बोट ओठावर ठेवून मला स्कूटरकडे ढकललं आणि आत गेल्या. मी तोंड उघडून विचारणार होतो. बोट आठवलं. तोंड मिटलं.

त्या तासाचं काय सांगू? बेसूर म्हणून मास्तरांनी अलीकडे ज्यांची चारचौघांत थट्टा केली, 'आमची तेरेजा गायला लागली तं देव उठून बाहेर जाईन' असं ज्यांच्या तोंडावर सांगितलं आणि ज्या हसल्या, त्यांचा सूर माझ्या तोंडात होता. मला तो बरोबर आहे असं मानायला काहीच आधार नव्हता आणि दुसरं माझ्याकडे काहीच नव्हतं. चर्चच्या फाटकाशी आमच्या स्टोअरमधले जुने देशपांडे भेटले. त्यांनी दोनदा विचारलं वामनराव कसे आहात. मी नुसती मान हलवली. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि कुणाला तरी पाणी आणायला पाठवलं. मी मेलो असतो तर एवढे घाबरले नसते. मी दातांवर दात दाबून भिंतीशी जाऊन बसलो.

खटखटी वाजली. लोक उठले. अनिता माझ्याकडे वाकली. माझे ओठ सुकून चिकटले होते, ते सोडवावे लागले. मला खरंच वाटलं, आत काहीच नाही. मग तोंड मिटूनच मी तिच्या कानात तो 'हूं' सोडला. ती क्षणभर थांबली, तिच्या कपाळाला आठी पडली... आणि तिनं सुरुवात केली. पहिलं कडवं पुरुषांना तळाशी लागलं, पण लागलं. दुसरं. तिसऱ्याच्या वरच्या ओळीला मी डोळे मिटून घेतले आणि मांडी नखांनी धरली. ते वर गेलं, टोकावर क्षणभर थांबलं, आणि फाटलं नाही. चौथं, पाचवं. रांग सरकत राहिली. मी मान खाली घालून रडत होतो आणि आजूबाजूच्यांना वाटलं असेल मास्तरांसाठी. असू दे. मी तर सुटलो म्हणून रडत होतो. मास्तरांसाठी मी दोन दिवसांनी रडलो, ईस्टरच्या सकाळी, तबल्याची गादी काढताना.

शुक्रवारी संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो आणि सरळ विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मागच्या दोन सालापासून त्यायले भोंगा आयकूच नाही आला." मी म्हटलं, मग? "मंग काय. पाणी प्यायच्या निमित्तानं आत येत, माह्या तोंडाकडे पाहत. मी कानात सांगत होती." पण तुम्हाला कसा...? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान झालो. तीस वर्षं त्या तासात ते बोलायचे नाहीत, मग या घरात त्या तरी कुणाशी बोलणार होत्या? त्याही गप्प असायच्या. भोंगा त्यांनाही ऐकू यायचा. तीस वर्षं त्यांनीही तो धरलेला होता, चुलीपाशी, कुणी सांगितलेलं नसताना. मी विचारलं, हे कुणाला बोलला का नाहीत? "त्यायले भेव होतं ना, लोकायले कळन म्हणून," त्या तांदळातला खडा बाजूला ठेवत म्हणाल्या. "म्हणून तं मले बेसुरी म्हणत फिरत होते."

म्हणजे माझ्याआधी आणखी एक स्टेपनी होती. मला राग यायला हवा होता. उलट मला तो म्हातारा पहिल्यांदा नीट दिसला. पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाणारा, बायकोच्या तोंडाकडे बघत उभा राहिलेला, कान पुढे करून, घाबरलेला.

आता सहा आठवडे झाले. त्यांच्या पुढच्या खोलीत एका भिंतीवर कॅलेंडर आहे, पान वहिनी उलटतात. दुसऱ्या भिंतीवर मार्चचाच शिफ्टचा चार्ट आहे, जोसेफच्या नावाभोवती पेन्सिलीची खूण, नाइट. रविवारची गाणी आता अनिता निवडते आणि गुरुवारी संध्याकाळी येऊन त्या दोन भिंतींमध्ये बसूनच निवडते. तिला मी काही सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. वहिनींची परवानगी घेऊन आज प्रथम इथं लिहितोय. त्या म्हणाल्या, लिहा, तुमचं कोन खरं मानते.

दुपारी मी बरेचदा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो. बोअर लागलं, पाणी गोड आहे म्हणतात, मशीन गेलं. साहूजींना अर्धी गोष्ट सांगत असलो तरी दोनला पाच कमी असताना मी उठतो, त्यांना वाटतं माझं डोकं फिरलंय. दोन वाजतात, भोंगा होतो. आत सुपात चाललेले तांदूळ थांबतात. मला ठाऊक आहे, एवढंच करायचं आहे: आत जायचं आणि म्हणायचं, वहिनी, भोंगा चालू आहे तोवर जरा तो सूर द्या. भोंग्याशी तो मिळतो की नाही, एका क्षणात कळेल. रोज ठरवतो. रोज भोंगा संपतो, सूप पुन्हा हलायला लागतं आणि मी तसाच बसून राहतो, तोंड मिटून, तीन वाजेपर्यंत.